आपण बांधलेली लेझीम

१९८४ सालच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेसात. गुण पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. हजर नववी 'ब'च्या आठ मुली, पी.टी.चे सर आणि वाशीतल्या आमच्या शाळेच्या बिनकुंपणाच्या मैदानावर चरणाऱ्या दोन म्हशी. गटाची वही माझ्याकडे असायची, त्यामुळे हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. खाली सरांनी लाल शाईने शेरा दिला होता: 'उत्कृष्ट सहकार्य'. वही कधीच रद्दीत गेली. शेरा गेला नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की दर वर्षी मला हे सोसावं लागतं. आता मी सानपाड्यात राहते. आमच्या इमारतीसमोर शाळा आहे. तिच्या मैदानावर नोव्हेंबरच्या मध्याला लेझीम सुरू होते, नेमकी मी कुकर लावते त्या वेळेला. शेजारच्या वहिनी शाल गुंडाळून गॅलरीत येतात, कठड्यावर बोटांनी ठेका धरतात, म्हणतात, "काय छान वाटतं ना हो सकाळी सकाळी!" मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते.

"उघडी राहू दे की," नवरा पेपरातून म्हणतो. "केवढं छान वाजतंय."

"धूळ येते."

"पाणी मारलंय त्यांनी मैदानावर. धूळ कुठली?"

खरंच आहे. धूळ येत नाही.

धूळ होती ती तेव्हाच्या वाशीत. खाडीच्या चिखलावर भराव टाकून त्यावर मुरूम पसरलेला, आणि त्या मुरमातून शिंपल्यांचे तुकडे वर आलेले. कॅनव्हासच्या बुटांचे तळवे दोन महिन्यांत चाळणी व्हायचे. सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्याकडून धुकं यायचं आणि त्याला कारखान्यांचा वास असायचा, कधी जळक्या रबरासारखा, कधी नासक्या बदामासारखा. वारा फिरला की घाऊक बाजारातल्या कांद्याचा वास. संध्याकाळी खाडीचा. आमच्या वर्गात कोणी कंपनीत कामाला असलेल्या बापाची, कोणी बाजारात कारकुनी करणाऱ्याची, कोणी मराठवाड्यातून, कोणी कोकणातून आलेल्यांची, आणि सात-आठ जणी जवळच्या जुन्या गावांमधल्या. नवीन शहर, नवीन शाळा. सगळ्यांनी मिळून मिसळून राहायचं, असं प्रत्येक समारंभात कोणीतरी सांगायचं.

त्या वर्षी आमचे पी.टी.चे सर मे महिन्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना गटपद्धत घेऊन आले. सप्टेंबर संपता संपता चिठ्ठ्या टाकून आठ-आठ जणींचे गट केले. प्रत्येक गटाला लेझीमचे सात प्रकार बसवायचे. सरांनी एकदा दाखवायचं, पुढे आपापसात शिकायचं. आणि नियम असा, की गटातली सर्वांत कच्ची मुलगी जितके गुण मिळवील तितकेच आठही जणींना. "मग बघू कशी कोणी मागे राहते," सर म्हणाले. हेतू चांगलाच असणार. मला त्यांच्या हेतूबद्दल काही म्हणायचं नाही. मला जे म्हणायचं आहे ते चौदा वर्षांच्या मुलींबद्दल आहे, आणि त्यातली एक मी आहे.

दुसरा नियम शब्दाचा होता. मैदानावर 'मी' म्हणायचं नाही, 'आपण' म्हणायचं. "चपला दाराबाहेर काढतो ना? तसा 'मी' बाहेर काढून यायचा." जिच्या तोंडून 'मी' निघेल तिने मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या आठवड्यात मजा झाली. एकजण म्हणाली, "सर, मी पाणी पिऊन येऊ?" गेली फेरीला. दुसरी शहाणी. म्हणाली, "सर, आपण पाणी पिऊन येऊ का?" तर आठही जणी नळावर. महिन्याभरात आमच्या जिभा इतक्या वळल्या की घरीसुद्धा मी आईला म्हणाले, "आपण आंघोळ करून आलो." आई म्हणाली, "तुझ्याबरोबर आणखी कोण होतं गं?"

आमच्या गटात हेमा आली. सानपाडा गावातली. सातवीपर्यंत गावच्या शाळेत होती. तिथे लेझिमी होत्या, पण त्या मुलांच्या हातात. काळीसावळी, उंच, दोन वेण्या वर बांधलेल्या. तिची आई वाशीच्या मार्केटात संध्याकाळी मासे विकायला बसायची आणि सव्वापाचला हेमाला तिथे पोचावं लागायचं. आमचा गट सराव करायचा साडेपाच ते सहा. म्हणजे सगळ्या शिकायच्या तेव्हा ती कोळंबी सोलत असायची.

आमच्या गटात मीनाही होती. तिचे वडील कुठल्याशा कार्यालयात साहेब होते आणि तिच्या बुटांना रोज खडू लावलेला असायचा. गटनायिका वहीत मी होते, खरी मीना.

लेझीम न शिकलेला माणूस काय करतो, तर शेजारणीच्या हाताकडे बघतो. बघून मग हात हलवतो. त्यामुळे तो नेहमी अर्ध्या मात्रेने मागे राहतो. सात लेझिमी एकदम 'छन्' वाजायच्या आणि मागून एकटी 'छन्'. उशिरा आलेल्या माणसाने दार वाजवावं तशी. मीनाने तिचं नाव ठेवलं 'लेटमार्क'. "ए लेटमार्क, आज तरी वेळेवर पोच गं!" बाकीच्या हसायच्या. हेमाही हसायची. ते हसणं आठवलं की मला आजही कसंतरी होतं, कारण ते आमच्याइतकंच मोठं असायचं.

ऑक्टोबरात एके दिवशी ती माझ्या बाकापाशी आली.

"अंजू, मधल्या सुट्टीत तू मना दाखवशील? मी शिकन. पंधरा मिनटं."

"बघू."

"बघू नको ना. बाबानी सांगितलान, प्रगतिपुस्तकात यक लाल रेघ दिसली तर शाला बंद. मोठ्या बहिनीला पन तसंच बसवलान घरी. गनितात रेघ येनार नाय, मना म्हाईत हाय. पी.टी.तच येल."

हे तिने मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी तिला तीन दिवस शिकवलं. मुतारीच्या मागे, जिथे कोणी येत नसे. लेझीमऐवजी फूटपट्टी धरून. तीन दिवस, रोज पंधरा मिनिटं, एकूण पाऊण तास. तेवढ्यात तिला 'चार आवाज' आणि 'एक जागा' हे दोन प्रकार आले. हा वेग धरला तर सातही प्रकारांना दोन तास अडतीस मिनिटं लागली असती. हा हिशेब मी आज करत नाहीये. तेव्हाच वहीच्या मागच्या पानावर केला होता, आणि हाती दोन महिने आहेत हेही मला दिसत होतं.

चौथ्या दिवशी मीनाने गाठलं. वर्गाच्या दारात, सगळ्यांदेखत.

"काय गं अंजू, शिकवणीची फी म्हावऱ्यात घेतेस वाटतं? वास येतोय बघ तुझ्या हाताला."

एकीने नाक धरलं. मग दुसरीने धरलं. मी हात पाठीमागे घेतले. खरंच सांगते, घेतले, आणि नंतर नळावर जाऊन धुतलेसुद्धा. वास कसला येणार होता? फूटपट्टीचा?

पाचव्या दिवशी हेमा मुतारीच्या मागे उभी राहिलेली मला खिडकीतून दिसली. मी डबा खात बसले. सुट्टी संपेपर्यंत ती तिथे होती. नंतर तिने एकदाही विचारलं नाही.

हल्ली माझ्या मुलीच्या कॉलेजात गटाने करायची कामं देतात. चौघींचं एक काम, चौघींना एकच गुण. ती फोनवर बोलते ते मला ऐकू येतं. "आपण असं करू ना, तिला फक्त कव्हर करायला देऊ." मी एकदा विचारलं, "ती म्हणजे कोण?" तर म्हणाली, "अगं आई, आहे एक. टेन्शन नको घेऊस." सोसायटीच्या बैठकीतही चेअरमन उभे राहतात आणि 'आपण' म्हणून सुरुवात करतात. 'आपण पाण्याचा प्रश्न सोडवला', 'आपण वॉचमन बदलायचा ठरवलं'. बदललेल्या वॉचमनला त्या 'आपण'मध्ये धरलेलं नसतं. आपल्या भाषेत ही सोय फार चांगली आहे. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, हे त्याला निदान कळतं. 'आपण' म्हटलं की तो आत आलाय असं त्याला वाटतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला मीना काळं कापड घेऊन आली. जुन्या छत्रीचं. "आपण हिची लेझीम बांधू या," ती म्हणाली. नक्की कोण बांधणार हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण माझं काम नीट असतं. वह्यांना कव्हरं मी घालायची, फुगे मी बांधायची.

मी कापडाच्या पट्ट्या फाडल्या. लेझीमच्या साखळीतल्या चकत्या दोन-दोन करून घट्ट गुंडाळल्या, गाठी आतल्या बाजूला घेतल्या. काळं कापड काळ्या लोखंडावर दहा फुटांवरून दिसेना. आठ मिनिटं लागली. आणि एवढा वेळ लेझीम कोणी धरली होती? हेमाने. मी म्हणाले, "हात सरळ ठेव." तिने ठेवला. मी म्हणाले, "आता ओढून बघ." तिने ओढली. काहीच वाजलं नाही.

"हां," मीना म्हणाली. "आता नाच हवी तशी. कुणाला काय कळतंय!"

हेमाने तेवढंच विचारलं, "सगल्यांना सारखंच मार्क भेटतील ना? मना पन?"

"तुला पण. आपण एकच ना!"

मिळाले. अठ्ठेचाळीस. सात लेझिमींचा आवाज एकसारखा आला आणि सर डोळे मिटून ऐकत होते. इतके खूश झाले की म्हणाले, "हेमा, शाबास. सप्टेंबरात तू कुठे होतीस आणि आज कुठे आहेस." आम्ही टाळ्या वाजवल्या. सुटल्यावर बोरं घेतली. हेमालाही दिली, मीठ लावून. त्या सकाळी आम्ही सगळ्या खरोखर आनंदात होतो, हे लिहायलाच हवं. मनाला टोचणी वगैरे काही नव्हती. टोचणी ही नंतरची चैन आहे.

पुढच्या गुरुवारी ठाण्याहून तपासणीचे साहेब आले. सरांना त्यांची गटपद्धत दाखवायची होती. अख्खी शाळा मैदानाच्या कडेला बसवली. सर साहेबांना म्हणाले, "सर्वांत कच्च्या मुलीला गटाने कसं तयार केलं, ते आपण प्रत्यक्ष पाहा." आणि त्यांनी हाक मारली, "हेमा, एकटी ये."

आदल्या शनिवारी लेझिमी पेटीत परत ठेवताना कोणी ते कापड सोडलं नव्हतं. पेटी उघडून हेमाच्या नंबराची लेझीम तिच्या हातात दिली गेली. तिने ती बघितली. मग आमच्याकडे बघितलं. सरांनी शिट्टी दिली.

तिने सुरुवात केली. आवाज नाही. बुटांखाली मुरूम करकरतो तेवढाच. साखळी ताणली जात होती, सैल पडत होती, आणि काही वाजत नव्हतं. पहिल्यांदा मुलं हसली. मी मोजत होते, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. आणि मला दिसलं की ती बरोबर आहे. बघायला शेजारीण नव्हती, म्हणून ती ओठातल्या ओठात मोजत होती, आणि पाऊल बरोबर मात्रेवर पडत होतं. सातपैकी सहा प्रकार तिने बिनचूक केले. शेवटच्यात, मागे उडी घेताना, एकदा चुकली. बाकीचे प्रकार ती कुठे शिकली, कधी शिकली, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण एवढं मला नक्की ठाऊक आहे की त्या मैदानावर तीनशे-साडेतीनशे माणसं होती आणि ती बरोबर करतेय हे एकट्या मला कळत होतं.

"वाजत का नाही?" साहेबांनी विचारलं.

सरांनी जाऊन लेझीम हातात घेतली. गाठी सापडायला त्यांना वेळ लागला. मी बांधलेल्या होत्या.

"हे कोणी केलं?"

मी समोरच्या मुरमातले शिंपले मोजायला लागले. अकरापर्यंत आले.

"मीच बांधली सर," हेमा म्हणाली.

अडीच महिन्यांत त्या मैदानावर उच्चारलेल्या एकाही 'मी'ला सरांनी माफी दिली नव्हती. ह्या एका 'मी'बद्दल फेरी मारायला सांगितलं नाही. त्यांनी तो लगेच घेतला. साहेबांसमोर त्यांना तोच हवा होता. "फसवणूक," ते म्हणाले. "शून्य."

मला वाटलं, संपलं. नियमाने आता आठही जणींना शून्य. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. निदान हिशेब बरोबर झाला असता. पण मीनाचा हात वर गेला.

"सर, मग आपले मार्क?"

सरांनी साहेबांकडे बघितलं. साहेब घड्याळाकडे बघत होते.

"तुमचे राहतील," सर म्हणाले. "तिला गटाबाहेर धरा. अंजली, वहीत नाव काट."

मी पट्टी लावून काटलं. रेघ सरळ आली. गटात आता सात जणी होत्या, सर्वांत कमी गुण अठ्ठेचाळीस, नियमाला कुठे धक्का नाही.

"वाचलो बाई," वर्गात जाताना मीना माझ्या कानाशी म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. मी धरू दिला. हेमा आमच्या पुढे चालली होती, एकटी, आणि तिच्या मागे आम्ही सात जणी नकळत पाय जुळवून चालत होतो, डावा, उजवा, डावा, उजवा. अडीच महिन्यांचा सराव होता.

मीनाची मला आता किळस येत नाही. तिला जे हवं होतं ते ती तोंडाने मागत होती. सरांचीही फारशी नाही. किळस येते ती त्या सरळ रेघेची. हात जरा कापला असता, रेघ जरा वाकडी आली असती, तर मी स्वतःबद्दल थोडं बरं बोलले असते.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. हेमा पास होती. गणितात एकोणऐंशी. शारीरिक शिक्षणाखाली लाल रेघ होती.

मे महिन्यात एके सकाळी सरांनी मला खेळाच्या सामानाची मोजदाद करायला बोलावलं, कारण माझी मोजणी चुकत नसे. लेझिमी चाळीस होत्या, बरोबर. त्यातली डिसेंबरपासून तशीच बांधलेली मी वेगळी काढली आणि यादीबरोबर ऑफिसात नेऊन ठेवली. तिथे खिडकीपाशी हेमाची आई उभी होती. डोक्यावरची पाटी तिने बाहेर पायरीवर ठेवली होती. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती. हेमा बरोबर नव्हती.

"दाखल्याचे दोन," कारकून रजिस्टर बघत म्हणाले. "आणि हे बघा मावशी, लेझीम नादुरुस्त केल्याचा दंड आहे. आठ रुपये. तो भरल्याशिवाय दाखला देता येणार नाही."

"पोरीनी काय केलान लेझमीला? मना दाखवा तरी."

कारकुनांनी माझ्यासमोरची लेझीम उचलली. टेबलावरच्या ब्लेडने छत्रीच्या कापडाच्या गाठी कापल्या, पट्ट्या ओढून काढल्या आणि सहज म्हणून लेझीम हलवली. छन्. कागदांवर मान घालून बसलेल्या दोघांनी मान वर केली.

"वाजतंय की," हेमाची आई म्हणाली. "मंग दंड कसला?"

कारकून भले गृहस्थ होते. त्यांनी पुन्हा एकदा लेझीम हलवून पाहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं, तू होतीस ना त्या गटात? काय झालं होतं हिला?"

माझ्या हातात यादी होती. मी म्हणाले, "आपल्याला नाही माहीत, सर."

"लिहून आलंय ना, मावशी," कारकून शेवटी म्हणाले. "माझ्या हातात काही नाही."

तिने कंबरेची पिशवी सोडली. नोटा ओलसर होत्या, म्हणून एकेक वेगळी करून टेबलावर ठेवल्या. दाखल्याचे दोन, लेझीमचे आठ, एकूण दहा रुपये. हेमाच्या आईने दिले, शाळेच्या कारकुनांनी घेतले आणि पावती हेमाच्या नावाने फाडली.